दिवाळीचा ळ जागेवर ठेवा : सांगलीतल्या फ्लेक्सवाल्यांना, मंडळांना आणि दुकानदारांना खुलं पत्र

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये फ्लेक्स छापणाऱ्या सगळ्या बंधूंना, ते चौकाचौकांत लावणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि पेठेतल्या दुकानदारांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी मी कापड पेठ, हरभट रोड, मारुती रोड असा फेरफटका मारला. माणसं आकाशकंदील बघत होती, मी अक्षरं वाचत होतो. आयुष्यभर हेच काम केल्यावर डोळे दुसरीकडे जात नाहीत. एका कमानीवर 'दिवाली धमाका'. तिच्या शेजारी 'दिपावलीच्या हार्दीक शुभेच्छा'. पुढं चौकात एका मंडळाचा भलामोठा फ्लेक्स, त्यावर 'शुभ दिवाली' आणि खाली 'शुभेच्छूक' म्हणून दाटीवाटीनं लावलेले फोटो. 'दिवाळी' हा शब्द मला पहिल्यांदा दिसला तो फराळ विकणाऱ्या एका मावशींच्या गाड्यावर. पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलं होतं, 'दिवाळीचा ताजा फराळ मिळेल'. अक्षर वेडंवाकडं, पण तिन्ही ळ जागच्या जागी.

हे पत्र मी त्या मावशींच्या बाजूनं लिहितोय.

मी छापखान्यातला माणूस. 1978 साली, सतरा वर्षांचा असताना, गावभागातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो. पुढं ऑफसेट आलं, संगणक आला, तसा मी मुद्रितं तपासायच्या टेबलावर जाऊन बसलो. आता निवृत्त आहे. तुमच्या धंद्याचाच मी जुना भाऊबंद, त्यामुळं हे पत्र तक्रार म्हणून वाचू नका. घरातल्या माणसानं घरातल्या माणसाला लिहिलंय असं समजा.

लिहायला बसलो त्याला कारण माझी नात. ती तिसरीत आहे. शाळेनं दिवाळीच्या सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन काढायला सांगितलं होतं. एके दिवशी तिनं आपलं नेहमीचं गाणं वहीत उतरवलं. सांगली-साताऱ्याकडं ते गाणं येत नाही असं मूल सापडणार नाही. तिनं लिहिलं होतं, 'दिन दिन दिवाली, गाई म्हशी ओवाळी.' मी पान दोनदा वाचलं. 'ओवाळी'त ळ होता, 'म्हशी'चा श बरोबर होता, अक्षर मोत्यासारखं होतं. चुकला होता तो फक्त सणाच्या नावातला ळ. मी म्हटलं, बाळ, मोठ्यानं म्हणून दाखव बघू. तिनं तोंडानं 'दिवाळी' म्हटलं, अगदी ठसठशीत ळ. मग लिहिताना ल का? ती म्हणाली, "आबा, बाहेर बोर्डावर तसंच असतंय की."

सुट्टी संपल्यावर ती वही शाळेत तपासून आली. त्या ओळीवर बरोबरची खूण होती.

पोरीचं चुकलं नाही. तोंडात एक शब्द आणि भिंतीवर दुसरा असेल तर पोर भिंतीचंच खरं मानणार, कारण छापलेलं खरं असतं हे आपणच त्यांना शिकवलंय. 'दिवाळी' आणि 'ओवाळी' या यमकावर ते गाणं उभं आहे. 'दिवाली' लिहिलंत की यमक मोडतं, आणि गाणं म्हणताना पोराच्या जिभेला जो ठेका सापडतो तो वहीत हरवतो. पाडव्याला आपल्याकडं गवळी लोक म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, गोंडे बांधून मिरवतात. ते बघणाऱ्या पोराला 'गाई म्हशी ओवाळी' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्याच सणाचं नाव मात्र आपण त्याला चुकीचं दाखवतो.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, म्हणजे मला या एका अक्षराचं एवढं का लागतं ते कळेल.

छापखान्यात मी लागलो त्या पहिल्याच वर्षाची दिवाळी. खिळ्यांची लाकडी केस असते, तिला अक्षराअक्षराचे खण. आश्विन महिना लागला की आमच्याकडं एकच खण आधी रिकामा व्हायचा, तो ळ चा. बघा तुम्हीच: दिवाळी, फराळ, आंघोळ, रांगोळी, ओवाळणी, शंकरपाळी, कडबोळी, नारळ, तुळस, बळी. व्यापाऱ्यांचा रोजमेळसुद्धा. सणाचं अर्धं शब्दभांडार या अक्षरावर उभं आहे. शुभेच्छापत्रं, दुकानांची हँडबिलं, फराळाच्या ऑर्डरचे कागद, पाडव्याच्या वह्यांचे मथळे, सगळं एकाच पंधरवड्यात यायचं, आणि प्रत्येक फॉर्म्यात, म्हणजे छपाईला चढवलेल्या खिळ्यांच्या चौकटीत, ळ अडकून पडायचे. छपाई होऊन फॉर्मा सुटेपर्यंत ते परत केसमध्ये येत नसत.

एका कापड दुकानाची शुभेच्छापत्रं मी जुळवत होतो. ळ संपले. संध्याकाळ झालेली, पत्रं दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. मी पोरसवदा. म्हटलं कोण बघतंय, आणि ल लावून मोकळा झालो. प्रूफ काढून मास्तरांपुढं ठेवलं. मास्तर म्हणजे आमचे मुख्य खिळेजुळारी, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "ळ नाही म्हणून ल घातलास? उद्या घरात मीठ नसलं तर भाजीत साखर घालशील?" मग मला सायकलवर खणभागातल्या दुसऱ्या छापखान्यात पाठवलं. तिथल्या माणसानं मोजून वीस ळ एका रिकाम्या काडेपेटीत घालून दिले. येताना खिशात ती काडेपेटी खुळखुळ वाजत होती. रात्री साडेदहाला पत्रं छापून झाली. काडेपेटी परत करायला गेलो तेव्हा तो गृहस्थ म्हणाला, राहू दे तुझ्याकडं, पुढच्या वर्षी लागतीलच.

ती काडेपेटी माझ्याकडं अजून आहे. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

तुम्ही म्हणाल, दिवाली काय आणि दिवाळी काय, अर्थ कळल्याशी कारण. म्हणून आधी अर्थाचंच बोलू.

दीप म्हणजे दिवा. आवली म्हणजे ओळ, रांग. संस्कृतात आली म्हणजेही ओळच. म्हणून दीपावली आणि दीपाली हे एकाच अर्थाचे दोन शब्द: दिव्यांची ओळ. सांगलीच्या प्रत्येक गल्लीत एखादी दीपाली आहे. तिला सांगा, तुझं नाव म्हणजेच दिवाळी. आपल्या मराठीतला 'ओळ' हा शब्दही त्याच आवलीतून झिजत झिजत आलेला. कवितेची ओळ, पाण्याला उभ्या राहिलेल्या बायांची ओळ, मी स्टिकमध्ये जुळवलेली खिळ्यांची ओळ आणि उंबऱ्यापासून अंगणापर्यंत लावलेली पणत्यांची ओळ, सगळ्यांचं मूळ एक. देवळापुढच्या दगडी दीपमाळेतही तोच विचार आहे, एकाला लागून एक दिवा. तिला 'दीपमाल' म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एकट्या दिव्याला आपण दिवाळी म्हणत नाही. देवापुढची समई रोजच लागते. शेजाऱ्याच्या कट्ट्यावरच्या पणतीपासून आपल्या कट्ट्यावरच्या पणतीपर्यंत जेव्हा अंधारात खंड राहत नाही, तेव्हा ती आवली होते. नावातच हे सांगून ठेवलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, घरंच्या घरं बुडाली, आणि दोन-अडीच महिन्यांत दिवाळी आली. भिंतींवर पाण्याची रेघ तशीच होती. आमच्या बोळात त्या वर्षी कुणी रंग दिला नव्हता, पण प्रत्येकानं त्या रेघेखाली पणत्या लावल्या होत्या, कुणी चार, कुणी दोन. बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं की शेवटपर्यंत ओळ दिसत होती. दीपावली या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला, पन्नाशी उलटल्यावर.

हे नाव किती जुनं आणि किती हातांतून आलंय तेही थोडं सांगतो. या सणाला पूर्वी वेगवेगळी नावं होती. कामसूत्रात यक्षरात्र आहे. हर्षवर्धनाच्या नागानंद नाटकात, म्हणजे सातव्या शतकात, दीपप्रतिपदुत्सव असा शब्द आहे, नव्या जोडप्याला भेटी द्यायच्या प्रसंगानं आलेला. आपला दिवाळसण आठवावा असाच. जैन आचार्य जिनसेनांच्या हरिवंशपुराणात, शके 705 म्हणजे इ. स. 783 मध्ये, दीपालिका हा शब्द येतो. महावीरांच्या निर्वाणाच्या वेळी पावानगरी दिव्यांनी उजळली, तेव्हापासून लोक दरवर्षी आदरानं दीपालिका साजरी करतात, असं तिथं म्हटलंय. सांगली-मिरजेत जैन समाज मोठा आहे. लक्ष्मीपूजनाची लगबग सुरू व्हायच्या आधी, पहाटे, त्यांच्या मंदिरांत निर्वाणलाडू चढतो. वीर निर्वाण संवत बदलतं ते याच दिवाळीला. सण एक, ओळ एक, आणि तिच्यात लावलेले दिवे वेगवेगळ्या घरांचे.

साधारण इ. स. 1030 च्या सुमारास अल्‌ बेरुणीनं हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला त्यात हा सण 'दिबाली' नावानं आहे. लोक न्हाऊन सणाचे कपडे घालतात, दिवे लावतात, आणि वर्षातून एकदा लक्ष्मी पाताळातल्या बळीला मोकळं करते, असं तो लिहितो. हजार वर्षांपूर्वी परमुलखातून आलेल्या माणसानं आपल्या पाडव्याचा बळी नोंदवून ठेवलाय.

आणि मग आपली मराठी. शके 1212, इ. स. 1290. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात ओवी आहे: मी अविवेकाची काजळी झाडून विवेकाचा दीप उजळतो, तेव्हा 'योगियां पाहे दिवाळी निरंतर'. ओवीचं यमक बघा. काजळी, उजळी, दिवाळी. सातशे वर्षांहून जुनं यमक, आणि ते उभं आहे ळ वर. माझ्या नातीच्या गाण्यातलं यमकही तेच. इकडं ज्ञानोबा माउली आणि तिकडं म्हशींमागं पळणारी पोरं, दोघांच्या तोंडी हा शब्द एकाच आवाजात आहे. मग आपल्या फ्लेक्सवरच तो वेगळा का व्हावा?

ल चा ळ झाला तो कुणाच्या मनमानीनं नाही. मराठीची ती जुनी रीत आहे. दोन स्वरांमध्ये एकटा ल आला की आपल्याकडं त्याचा ळ होतो. फल – फळ, कमल – कमळ, मूल – मूळ, बाल – बाळ, नील – निळा. तसंच दीपाली, दीवाली, दिवाळी. मात्र मुळात जोडाक्षर होतं तिथं ल तसाच राहिला. संस्कृतातल्या 'कल्य'चा आपला 'काल' झाला, आणि संस्कृतातल्या 'काल'चा 'काळ' झाला. म्हणून मराठी माणूस 'काल' आणि 'काळ' यांत कधी गोंधळत नाही, शाळेत न गेलेलासुद्धा. वेल आणि वेळ, माल आणि माळ, नाल आणि नाळ. ज्या भाषेत एवढ्याशा फरकावर अर्थ बदलतो, तिथं सणाच्या नावातलं अक्षर बदलणं ही किरकोळ गोष्ट नव्हे.

काही तरुण कार्यकर्ते मला म्हणाले, काका, ळ गावठी वाटतो, 'दिवाली' जरा भारी दिसतं. पोरांनो, ऋग्वेदाची पहिलीच ऋचा 'अग्निमीळे पुरोहितम्' अशी सुरू होते. चौथ्याच अक्षरात ळ आहे. आणि आपण कुठं राहतो ते बघा. जत तालुक्यात गेलात किंवा मिरजेहून अथणीकडं सुटलात की कानडी सुरू होते. तिथली माणसं 'दीपावळि' म्हणतात, ळ नं. आपल्या पेठेतले गुजराती व्यापारी घरात 'दिवाळी' म्हणतात, ळ नं. तेलुगूत ळ, तमिळमध्ये ळ. सांगलीच्या चारी बाजूंनी ळ आहे, आणि मधोमध आम्ही तो पुसून बसलोय.

हिंदीत 'दिवाली' बरोबरच आहे, कारण हिंदीच्या रोजच्या लिहिण्यात ळ नाही. माझं हिंदीशी काही भांडण नाही. हिंदी माणसाला शुभेच्छा द्यायच्या असतील तर खुशाल हिंदीत फलक लावा, पूर्ण हिंदीत, 'दिवाली की हार्दिक शुभकामनाएँ' असा. मला दुखतं ते अर्धंमुर्धं. 'दिवालीच्या शुभेच्छा' हे हिंदीही नाही आणि मराठीही नाही.

'दीपावली' लिहायला माझी काहीच हरकत नाही. भारदस्त शब्द आहे, मराठीतही चालत आलेला आहे. फक्त तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय म्हणून त्यातली दी दीर्घ. 'दिवाळी' मात्र मराठीच्या जिभेवर घडलेला, म्हणून त्यातली दि ऱ्हस्व, जशी 'दिवा'त आहे. दोन्हींची मिसळ केली की 'दिपावली' होतं आणि तो शब्द कुठल्याच घरचा राहत नाही. तसंच 'हार्दिक' ऱ्हस्व, 'शुभेच्छुक'मधला छु ऱ्हस्व. एवढं सांभाळलंत की फलकावरच्या निम्म्या चुका जातील.

दिवसांच्या नावांचंही थोडं बघा. 'धनतेरस'वरून मी ताणणार नाही. आपण धनत्रयोदशी म्हणतो, पण वसुबारसेत बारस आहे तशी ती तेरस, परकी वाटत नाही. नरकचतुर्दशीला मात्र 'छोटी दिवाली' लिहिलेलं बघितलं की जीव कळवळतो. आपल्याकडं ती पहिली आंघोळ. सूर्य उगवायच्या आत आईनं उठवायचं, कुडकुडत पाटावर बसायचं, पाठीला तेल, अंगाला उटणं, आणि अर्ध्या आंघोळीत बाहेर फटाका वाजला की डोळ्यांत फेस असताना बाहेर धावायचं. 'पहिली आंघोळ' या दोन शब्दांत ते सगळं आहे. 'छोटी' म्हटल्यावर त्यातलं काय उरतं?

पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा. आपण शेतकऱ्याला बळीराजा म्हणतो तो याच बळीवरून. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' हे माझी आजी त्या दिवशी ओवाळताना पुटपुटायची. शिराळ्याकडं आमच्या गावी अंगणात शेणाचे पांडव घालायचे, त्यांच्या डोक्यावर झेंडूची फुलं खोचायची, आणि आजी आधी त्यांना ओवाळायची, मग माणसांना. टळो, बळी, ओवाळणं. तिला लिहिता येत नव्हतं, पण तिच्या तोंडून ळ कधी निसटला नाही.

आणि भाऊबीज. तिला आता फलकांवर 'भाईदूज' म्हणायला लागलेत. बीज म्हणजे शुद्ध द्वितीया, त्या संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी चंद्राची बारीक कोर. ज्या बहिणीला भाऊ नाही ती आपल्याकडं चंद्राला ओवाळते. माझ्या थोरल्या मावशीनं आयुष्यभर चंद्रालाच ओवाळलं, तिचा भाऊ लहानपणीच गेला होता. 'बीज' शब्दात ती कोर आहे. तो शब्द गेला तर तिनं काय ओवाळलं ते कुणाला कळणार?

आणखी एक चूक तयार डिझाइनमधून येते. लक्ष्मीपूजनाखाली 'कार्तिक अमावस्या' असं छापलेलं असतं. उत्तरेकडं महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांच्याकडं हीच अमावास्या कार्तिकात पडते. आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणून आपली ती आश्विन अमावास्या. कार्तिक लागतो दुसऱ्या दिवशी, पाडव्याला. कुठल्याही घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका बघितली तरी खात्री होईल.

आता तुमच्या अडचणीचं बोलतो, कारण ती मला माहीत आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तुमची मशीन रात्रभर चालतात. गिऱ्हाईक मोबाइलवर मजकूर पाठवतं, तोही फोनच्या हिंदी कीबोर्डवर बडवलेला, आणि सांगतं, दादा, तासाभरात पाहिजे. पोरगा नेटवरून तयार डिझाइन उतरवतो, ते हिंदीत असतं, त्यातला मधला शब्द तेवढा बदलतो, 'की'चं 'च्या' करतो आणि प्रिंटला देतो. फोटो चाळीस, प्रत्येकाला आपला फोटो मोठा हवा. त्या गडबडीत अक्षराकडं बघायला कुणाला सवड आहे? मी त्या टेबलावर बसलोय, मला कळतं.

पण खिळ्यांच्या काळात आम्हाला ळ शोधायला सायकल मारावी लागायची. तुमच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ल च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ळ उमटतो. खण रिकामा होत नाही, उसना आणावा लागत नाही. मराठीत 'दिवाळी', 'दीपावली', 'वसुबारस', 'धनत्रयोदशी', 'नरकचतुर्दशी', 'लक्ष्मीपूजन', 'पाडवा', 'भाऊबीज' हे शब्द एकदाच नीट टाइप करा, चांगल्या फॉन्टमध्ये बसवा, एका फाइलमध्ये ठेवा. दरवर्षी तीच उघडा. गिऱ्हाइकानं 'दिवाली' पाठवलं तरी तुम्ही 'दिवाळी' छापा. एकही गिऱ्हाईक त्यावरून भांडायला येणार नाही, माझा पंचेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

मंडळांच्या पोरांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. महिन्याभरात दिवाळी आली. आपल्या एका चौकात अभिजात मराठीच्या अभिनंदनाचा फलक आणि 'शुभ दिवाली'चा फलक एकाच खांबाला, एकाखाली एक बांधलेले मी बघितले. दोन्ही तुमच्याच मंडळांचे, दोन्ही मनापासून लावलेले. वरचा बघून छाती फुगली आणि खालचा बघून मान खाली गेली. तुम्ही रात्री शिडीवर चढून, हात कापून घेऊन ते फलक बांधता. त्या मेहनतीला एका अक्षरानं उणेपणा येऊ नये एवढंच मला वाटतं. प्रिंटला द्यायच्या आधी मजकूर मंडळातल्या एका वाचणाऱ्या माणसाला दाखवा. प्रत्येक मंडळात असतो असा एक जण, सहसा मागच्या रांगेत.

दुकानदारांनो, तुमच्याकडं येणारी गिऱ्हाइकं कानडी बोलणारी असतात, गुजराती बोलणारी असतात, मराठी बोलणारी तर असतातच. वर सांगितलं तसं, यांतल्या प्रत्येकाच्या तोंडात ळ आहे. तुम्ही 'दिवाळी' लिहिलंत तर कुणालाच परकं वाटणार नाही. आणि 'धमाका'च्या जागी 'दिवाळीची खरेदी' एवढं साधं लिहून बघा एखाद्या वर्षी.

शाळांतल्या बाईंना आणि सरांना हात जोडून एकच सांगणं. सुट्टीनंतर वह्या आल्या की 'दिवाळी' या शब्दावर क्षणभर थांबा. पोरं तो रस्त्यावरून उचलून आणतात. तुमच्या लाल पेनाइतकी ताकद आमच्या कुठल्याच फलकात नाही.

आता त्या काडेपेटीचं. 2019 च्या पुरात माझ्याकडच्या दोन जुन्या केस पाण्याखाली गेल्या. लाकूड फुगलं, खण उकलले. खिळे शिशाचे, त्यांना काही झालं नाही, पण सगळे चिखलात एक झाले. निवडायला कुणाला वेळ होता? बरेचसे भंगारात दिले. काडेपेटी वरच्या फळीवर, औषधांच्या डब्यात होती. पाणी तिथवर पोचलं नाही. आतले वीस ळ कोरडे राहिले.

येत्या दिवाळीच्या महिनाभर आधी मी एक पट्टी छापणार आहे. माझ्या एका दोस्ताकडं छपाईची जुनी ट्रेडल अजून चालू आहे, पावतीपुस्तकांना नंबर मारायला तो ती वापरतो. जाड कागदावर, वीतभर लांबीची पट्टी असेल. तिच्यावर वर लिहिलेली सणाची आणि दिवसांची नावं असतील, आणि तळाला नातीच्या गाण्याची ती ओळ. बाकीची अक्षरं दोस्ताच्या केसमधून घेईन, ळ माझे लावीन. तुमच्या प्रत्येकाच्या दुकानात येऊन एक पट्टी देईन, पैसे नकोत. संगणकाच्या पडद्याच्या वर चिकटवा. मजकुराबद्दल शंका आली तर गावभागात जुना खिळेजुळारी म्हणून विचारा, कुणीही घर दाखवेल. रात्री अकरापर्यंत जागा असतो, दिवाळीच्या आठवड्यात त्याहून उशिरापर्यंत.

पट्टीवर एकूण किती ळ लागतात ते काल नातीला घेऊन मोजलं. वीस पुरतात.

आपला,
एक जुना खिळेजुळारी
गावभाग, सांगली